फिडूकची व्युत्पत्ती

एक दांडीची गोल काच. नाटकाला आलेले उमराव ती एका डोळ्याला लावायचे आणि समोरच्या माणसाला टोपीपासून जोड्यापर्यंत तपासायचे. समोरचा माणूस आपोआप निम्मा व्हायचा.

दोऱ्याला बांधलेली लाकडी चकती. खाली सोडली की आपली आपण वर येते.

एक गृहस्थ. टोपी विचित्र, चाल त्याहून विचित्र, आणि आपण अगदी चारचौघांसारखे आहोत अशी त्याची ठाम समजूत.

चेहरा सरळ ठेवून केलेली चेष्टा.

"पुस्तकं मिटा. कोरा कागद घ्या. शेजाऱ्याच्या कागदात बघायचं नाही."

जिन्याखाली एक शिलाई मशीन. मशीनच्या फळीवर निळा खडू, कापडावर खुणा करायचा.

शेवटचं चित्र जरा बाजूला ठेवू. उरलेल्या सगळ्यांसाठी इंग्रजीत कुठल्या ना कुठल्या काळी एकच इटुकला शब्द पुरला: क्विझ. हा शब्द आला कुठून, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. कुणी म्हणतं लॅटिनमधल्या 'तू कोण?' या प्रश्नातून, कुणी म्हणतं पैजेतून. मशीनचा आणि खडूचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो मास्तरांनी जोडला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते विमा कचेरीत दावे तपासायचे. कुणी दुकान जळालं म्हणून अर्ज केला की "कशावरून?" असं विचारायचं, हे त्यांचं काम. ही सवय घरीही त्यांच्यासोबत यायची. बायको "दूध नासलं" म्हणाली तरी ते "कशावरून?" म्हणायचे आणि बायको पातेलं त्यांच्या नाकाखाली धरायची. इमारतीच्या वार्षिक संमेलनातली प्रश्नमंजुषा तेच घ्यायचे, म्हणून ते क्विझमास्टर. त्यातला क्विझ जिन्यात कधीतरी सांडला आणि उरला तो मास्तर. त्या दिवशी त्यांना लाल गादीची खुर्ची मिळायची, गळ्यात शिट्टी असायची, आणि वर्षभर ज्यांनी त्यांना पाण्याच्या टाकीवरून सुनावलेलं असायचं ते शेजारी त्यांच्यासमोर हात वर करून बसायचे. माणसाला याहून जास्त काय हवं?

या खुर्चीवर मेहुण्याचा डोळा होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. राहायला समोरच्या दारात, जेवायला मास्तरांकडे. औषधं विकायची नोकरी असल्यामुळे गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे.

"भाऊजी, यंदा पहिला प्रश्न कुठला?" रविवारी जेवताना त्याने विचारलं.

"क्विझ या शब्दाचा उगम," मास्तर म्हणाले. "असं म्हणतात की एका नाटकघराच्या मालकाने पैज मारली. ज्याला काही म्हणजे काही अर्थ नाही असा शब्द एका दिवसात सगळ्या गावाच्या तोंडी करून दाखवतो. माणसं लावली, भिंतीभिंतीवर खडूने लिहून घेतला. सकाळी जो तो दुसऱ्याला विचारतोय, अहो, हे क्विझ म्हणजे काय? झालं! शब्द जन्माला आला."

'असं म्हणतात' हे दोन शब्द मास्तरांनी कचेरीत कुणाला कधी पचू दिले नव्हते. स्वतःच्या ताटावर मात्र ते त्यांना गोड लागले.

"थापा!" मेहुणा म्हणाला. "लोकांना कामधंदे नसतात काय? भिंतीवर दिसलं म्हणून कोण बोलतंय? फार तर पुसतील."

"माणसाची जिज्ञासा…"

"आपल्या इमारतीत? इथं लिफ्ट बंद पडली तरी आठवडाभर कुणी विचारत नाही, भाऊजी. करून दाखवा!"

आता मेहुण्याने 'करून दाखवा' म्हटल्यावर करून न दाखवणारा जावई अजून जन्माला यायचाय. पैज ठरली. पुढच्या रविवारी संमेलन. तोवर निम्म्या इमारतीच्या तोंडी शब्द आला, तर मेहुण्याने जन्मात शिट्टीकडे बघायचं नाही. नाही आला, तर खुर्ची त्याची. आणि संमेलनाआधी जो कुणाजवळ फोडेल तो हरला.

"दोघांनाही वाढायला जिला ठेवलंय तिला विचारून तरी पैजा मारा," बायको म्हणाली. पण ते कुणी ऐकलं नाही.

अर्थ नसलेला शब्द बनवणं हे अर्थ असलेला दावा फेटाळण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, हे मास्तरांना त्या दुपारी कळलं. मान वर करायचे, एक शब्द टाकायचे, आणि बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता तो खाली पाडायची.

"लुंबट?"

"आमच्या काकांना म्हणायचे."

"घिबूर?"

"भांड्याला आतून धरतं ते."

"कशावरून?"

"घासायला बसा म्हणजे कळेल."

"डुचाक?"

"मुलं घरात आहेत. हळू बोला."

शेवटी 'फिडूक' आला. बायको घडी अर्ध्यावर थांबवून विचारात पडली, दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला आणि म्हणाली, "नाही. हा कशाचाच नाही." मास्तरांना पहिला मुलगा झाला तेव्हा झाला होता तेवढाच आनंद झाला.

आता खडू. घरात खडू नव्हता. दुपारची वेळ, इमारत झोपलेली. मास्तर खाली उतरले, तर जिन्याखाली मावशींचं मशीन झाकलेलं, मावशी जेवायला गेलेल्या, आणि फळीवर निळा खडू. मावशी म्हणजे इमारतीच्या शिलाईबाई. राहायच्या दोन गल्ल्या सोडून, पण दिवसभर जिन्याखाली. पायऱ्यांच्या पोटाखालच्या त्या तिरप्या जागेत मशीन, एक स्टूल आणि मावशी एवढंच मावायचं. कुणाची पँट लांब, कुणाचा फ्रॉक तोकडा, ते सगळं तिथे बरोबर व्हायचं.

मास्तरांनी खडू उचलला. फाटकाच्या खांबावर लिहिलं. टाकीवर लिहिलं. लिफ्टच्या शेजारी लिहिलं. खडू परत ठेवायला आले, तेव्हा समोर मशीनमागची भिंत कोरी दिसली. कोरी भिंत आणि हातात खडू. नेपोलियनसुद्धा थांबला नसता. तिथेही लिहिलं: फिडूक.

*

सोमवारी सकाळी इमारतीचे सेक्रेटरी दूध घ्यायला उतरले आणि दुधाशिवाय वर आले.

"मास्तर, फाटकावर पाहिलंत?"

"काय?" मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका निरागस झाला होता की दावा असता तर त्यांनी स्वतःच फेटाळला असता.

"फिडूक लिहिलंय! म्हणजे काय?"

मास्तरांनी मनात एक मोजला.

दुपारपर्यंत मोजायची गरज उरली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी चारही खुणांची पाहणी केली. वकिलांची प्रॅक्टिस बेताची असल्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचा सल्ला फुकट आणि न मागता मिळे. "रंग पाहा," ते म्हणाले. "पोरांचा खडू पांढरा असतो. हा निळा आहे. निळा म्हणजे सरकारी."

यावर वाद घालण्याची कुणाची छाती नव्हती. त्याचं कारण असं की त्या गावात कुठलंही सरकारी काम आधी भिंतीवर उगवायचं. रस्ता रुंद करायचा तर आधी घरांवर फुल्या यायच्या, झाड तोडायचं तर खोडावर आकडा. लोकांना नोटीस वाचायची सवय नव्हती, भिंत वाचायची होती. आपल्या भिंतीवर आपल्याला न कळणारं काही लिहिलं असेल तर ते वरूनच आलेलं असणार, हे तिथे पोरंटोरंही धरून चालत.

"पण फिडूक म्हणजे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"फाटक, टाकी, लिफ्ट, जिन्याखालची जागा. चारही ठिकाणं बघा. यात समान काय?" वकिलांनी डोळे मिटले. "पाडायचं!"

फिडूक. अर्थ पहिला: जे पाडायचं ठरलं आहे पण कुणी सांगितलेलं नाही, ते.

मंगळवारी डॉक्टरीणबाई पेशंटला म्हणाल्या, "दाढ फिडूक आहे, काढावी लागेल." बुधवारी अंगणात मुलांनी नवा खेळ काढला. ज्याच्यावर राज्य तो फिडूक. पंखा फिडूक झाला, जावई फिडूक निघाला, आणि तिसऱ्या मजल्यावर एका सुनेने सासूला उद्देशून, पण भांड्यांकडे बघत, हाच शब्द वापरल्याचं समजलं. मास्तर जिन्यातून उतरताना प्रत्येक दाराशी कान देऊन थांबायचे. संध्याकाळी मेहुण्याच्या पानात त्यांनी आपल्या हाताने वाढलं. इतका मोठेपणा विजयी माणसालाच जमतो.

"थांबा, भाऊजी, थांबा," मेहुणा म्हणाला. "पैज अर्थ नसलेल्या शब्दाची होती. यांनी तर अर्थ लावला. अर्थ लावला म्हणून पसरला. म्हणजे जिंकलो मीच!"

"कशावरून?"

"आता हे दोघं पुन्हा सुरू झाले," बायको म्हणाली. "त्या फिडूकच्या नावानं एकदाची आंघोळ करा."

मास्तर थबकले. मग त्यांनी तिला मोजलं.

गुरुवारी सेक्रेटरींनी तातडीची सभा घेतली आणि पालिकेत शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. "बोलायला कोण?" असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. कारण दिलं तर शिट्टी गेली असती. मास्तर निघाले. स्वतःच केलेल्या गुन्ह्याची तक्रार करायला माणसाला कचेरीतून अर्धी रजा टाकून जावं लागतं, असे दिवस फार कमी लोकांच्या वाट्याला येतात.

पालिकेतल्या पहिल्या साहेबांनी ऐकून घेतलं. फिडूक म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळू देणं नोकरीत बसत नव्हतं. ते पेन्सिल टेकवत म्हणाले, "फिडूक जुनं की नवं?"

मास्तरांनी सेक्रेटरींकडे बघितलं. "नवं," सेक्रेटरी म्हणाले.

"मग आमच्याकडे नाही. पाण्याच्या विभागात."

पाण्याच्या विभागाने फिडूक बांधकामाकडे पाठवलं. बांधकामाने विचारलं, "ओलं आहे का? मग पाण्याकडे." शेवटी कोपऱ्यातल्या एका साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्रासून म्हटलं, "अहो, फिडूक लागलंय म्हणता ना? लागलंय तर लागलंय. लावणारा काही वेडा नसेल. आधी अनधिकृत काय असेल ते काढा आणि मग या."

"साहेब, फिडूक पुसता येईल का?" मास्तरांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

"बिनपाहणीचं? हात तरी लावून बघा!"

फिडूक. अर्थ दुसरा, कार्यालयीन: ज्याला हात लावता येत नाही, ते.

परत येताना रिक्षात सेक्रेटरी आणि वकील चर्चा करत होते. फाटक अधिकृत. टाकी अधिकृत. लिफ्ट बंद असली तरी अधिकृत. राहिली जिन्याखालची जागा. "मावशींकडे कागद कुठला आहे?" वकील म्हणाले. "बसू दिलं म्हणून बसल्या. वाईट वाटतं हो. पण एकासाठी सगळ्यांच्या डोक्यावर हातोडा नको." सेक्रेटरींनी मान हलवली, म्हणजे होही आणि नाहीही. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. सगळं गाव सरसर मागे जात होतं आणि त्यांना त्याच्याबरोबर मागे जावंसं वाटत होतं, थेट रविवारच्या दुपारपर्यंत.

*

शुक्रवारी संध्याकाळी ते कचेरीतून आले, तेव्हा मावशी रिळं डब्यात भरत होत्या.

"उद्या टेम्पो येणार आहे," मावशी म्हणाल्या. "भाचीकडे जाते. तिच्या गावी. तुमची पँट झालीय, घेऊन जा."

"पण मावशी, कायमच्या?"

"मशीन नेल्यावर मागे काय राहतं?"

मास्तर पँट घेऊन वर गेले. जेवले नाहीत. बायकोने विचारलं नाही, फक्त त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, "अहो, शिट्टी वाजवायला कुणीही चालतं. पण तुमच्या पँटीची उंची त्यांच्याशिवाय कुणाला जमायची नाही." त्या बाईला काही सांगायची कधी गरजच नव्हती.

ते उठले आणि सरळ सेक्रेटरींच्या दारात गेले. वकीलही तिथेच होते. चहा चालू होता.

"ते मी लिहिलं," मास्तर म्हणाले. "फिडूक. मी. पैजेसाठी."

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे पाणावले. "मास्तर, माणूस म्हणून तुम्ही फार मोठे आहात."

"अहो, मोठा कसला? मी लिहिलं!"

"एका गरीब बाईसाठी असं अंगावर घेणं…"

"मी खरंच लिहिलं हो!"

"कशावरून?" वकील म्हणाले.

तो शब्द मास्तरांनी आयुष्यभर हजारोंना मारला होता. समोरून येताना तो एवढा जड असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मेहुण्याला बोलावून आणलं. मेहुणा म्हणाला, "होय, भाऊजींनीच लिहिलं," आणि वकिलांनी शांतपणे विचारलं, "हे तुमचे मेहुणे ना? आणि जेवायला यांच्याकडेच?" साक्ष बाद झाली.

"थांबा!" मास्तर म्हणाले. सेक्रेटरींच्या मुलीच्या दप्तरातून खडू घेतला आणि त्यांच्या दाराशेजारी सगळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत लिहिलं: फिडूक. अक्षरं वाकडी आली. वकिलांनी जवळून निरखलं. "नाही. मूळ अक्षर सराईत आहे. निश्चिंत आहे. हे अक्षर घाबरलेल्या माणसाचं आहे."

"ते जाऊ द्या," सेक्रेटरींच्या पत्नी आतून धावत आल्या, "पण आता आमच्या दाराला फिडूक लागलं त्याचं काय? पुसायचं तर पाहणी लागते म्हणे!"

तिथे जो गोंधळ उडाला त्यात मास्तरांकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. ते जिना उतरले. मावशी मशीनचा पट्टा काढत होत्या.

"मावशी, ते मी लिहिलं होतं," त्यांनी चौथ्यांदा सांगितलं, आता विश्वासाची आशा न ठेवता. "तुमचाच खडू घेऊन. वरचे कुणी ऐकत नाहीत."

मावशींचा हात थांबला.

"खडू माझा होता हे मला सोमवारीच कळलं," त्या म्हणाल्या. "रविवारी दुपारी धारदार कडा ठेवून गेले होते, आले तर बोथट. म्हटलं, सरकार काही माझा खडू घ्यायला येत नाही. घरातलंच कुणीतरी आहे. कुणाला तरी मी नको झाले आणि तोंडावर सांगता येत नाही."

मास्तरांनी फळीवरचा खडू उचलून त्याची बोथट कडा बघितली.

"पाच दिवस बघत होते सगळ्यांच्या तोंडाकडे," मावशी म्हणाल्या. "हे असेल की ते असेल? कपडे द्यायला आलं कुणी, की वाटायचं, हे का? पालिका आली असती तर मी भांडले असते हो. तिच्याशी भांडायला काय? पण ज्यांची पोरं उघडी असताना मापं घेतली त्यांच्याशी कुठं भांडू?"

"तसं नव्हतं, मावशी. कुणाच्याच मनात नव्हतं. भिंत कोरी होती म्हणून…"

"म्हणजे काय पण त्याचा अर्थ?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नसलेलाच हवा होता. ती पैज…" मास्तरांनी नाटकघर सांगितलं, मालक सांगितला, खडू सांगितला, क्विझ सांगितला. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"एवढं शिकलात," त्या म्हणाल्या, "आणि इतक्या भिंती सोडून माझ्याच पाठीमागं लिहिलंत?" मग त्या अचानक हसल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे पुसले, आणि ते नेमकं कशाचं पाणी होतं हे ठरवण्याचा अधिकार मास्तरांना त्या दिवशी नव्हता. "माझ्या नवऱ्यालाही असंच काहीतरी सुचायचं. नशीब, त्याला लिहिता येत नव्हतं."

त्यांनी फडकं भिजवलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. "पुसा."

"पाहणीशिवाय…"

"पुसा, मास्तर."

मास्तरांनी मशीन पुढे ओढलं आणि पुसलं. निळा शब्द आधी निळा ढग झाला, मग नुसती ओल. तेवढ्यात वरून सगळी वरात उतरली. पुढे वकील, त्यांच्या मागे सेक्रेटरी, आणि सर्वांत मागे मेहुणा.

"अहो! फिडूक पुसलं? हे कुणाच्या परवानगीने?" वकील ओरडले.

"माझ्या," मावशी म्हणाल्या. "ज्याचा खडू त्याची परवानगी. आणि ज्याला मी इथं नको असेन त्यानं आत्ता समोर यावं. तोंडानं सांगावं. मी आत्ता जाते."

वकिलांनी आपल्या शर्टाच्या बाहीकडे बघितलं. ती गेल्याच आठवड्यात इथे दुरुस्त झाली होती. सेक्रेटरींनी घसा साफ केला. वरच्या पायऱ्यांवर डॉक्टरीणबाई होत्या, ती सून होती, तिची सासूही होती, आणि त्या दोघी बऱ्याच दिवसांनी एकाच बाजूला उभ्या होत्या. कुणी पुढे आलं नाही.

"मग टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवा," मावशी म्हणाल्या. "आणि मास्तर, मशीन जागेवर ढकला. पायाला धरू नका, फळीला धरा."

मास्तर आणि मेहुण्याने मशीन उचललं. दोघांनी एकाच वेळी "तुम्ही तिकडून", "नाही, तू तिकडून" असं म्हटलं. मेहुण्याने ज्या बाजूला ढकललं त्या बाजूला मास्तर होते. मशीन तिरप्या छताखाली आणि मास्तर मशीनमागे, असे ते भिंतीला चिकटून अडकले. पाठीमागची ओल शर्टातून पाठीपर्यंत पोचली.

"भाऊजी, तुम्ही बोललात. अटीप्रमाणे हरलात," मेहुणा धापा टाकत हळूच म्हणाला. "खुर्ची माझी."

"घे," मास्तर आतून म्हणाले. "आधी मला काढ."

"हलू नका, फिडूक होईल सगळं!" सेक्रेटरींच्या पत्नी वरून म्हणाल्या.

रविवारच्या संमेलनात मेहुणा लाल खुर्चीत बसला आणि त्याने इतक्यांदा शिट्टी वाजवली की कुत्री गोळा झाली. मास्तर शेवटच्या रांगेत, लांबीला बरोबर असलेल्या पँटीत. त्यांनी एकदाही हात वर केला नाही. शेजारी मावशी होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "तो नाटकघरवाला, पैज मारणारा. त्यानंही भिंती पुसल्या असतील का हो नंतर?" "माहीत नाही," मास्तर म्हणाले, आणि हे शब्द त्यांना पहिल्यांदाच जड गेले नाहीत.

ही इमारत बांधत होते तेव्हा गवंड्यांचे फाटके सदरे मावशी मशीनच्या त्याच जागी बसून शिवायच्या. डोक्यावर तेव्हा जिना नव्हता.